उभं फावडं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाट पोटरीइतका उतरला आणि त्याच आठवड्यात माझ्या प्रवेशपरीक्षेचा निकाल आला. एकशे सत्तेचाळीस. लॅरमीच्या लॉ कॉलेजात जागा मिळायची तर आणखी दहा गुण तरी हवे होते.

गावातल्या लायब्ररीत मी अर्धा दिवस काम करायचे. तिथल्याच यंत्रावर निकाल छापला, घडी घालून खिशात ठेवला आणि थेट शेतावर गेले. डॅड बिटाला पाणी देत होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर ॲल्युमिनियमच्या वाकड्या नळ्यांचा भारा. नळी पाटात बुडवायची, तळहाताने तोंड दाबायचं, दोन हिसके द्यायचे आणि पाणी ओढू लागली की सरीत टाकायची. साठ वर्षांचा माणूस, पण हिसका असा की पाहणाऱ्याचा खांदा दुखावा.

"किती?" त्याने वर न पाहता विचारलं.

"एकशे सत्तेचाळीस."

"कितीपैकी?"

"एकशे ऐंशी."

"मग वाईट कुठे आहे?"

"सुरुवातच एकशेवीसपासून होते, डॅड. कोरा कागद दिला तरी एकशेवीस मिळतात."

तो हसला. "असली मोजणी वकिलांनाच सुचणार." मग पुढची नळी पाण्यात घातली. "सप्टेंबरात परत बस. पहिलं वासरू दगावलं म्हणून गाय कुणी खाटकाकडे धाडत नाही."

आमच्याकडे धाडायचे. डॅडने, एमेट रोमिकने, स्वतः धाडल्या होत्या, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परीक्षेचं खूळ त्याचंच. दोन वर्षांपूर्वी आमच्या पाटाच्या हक्कावरून एका कंपनीशी चेयेनला सुनावणी झाली. पाटावर अकरा घरं, वकील कुणालाच झेपणारा नव्हता, म्हणून डॅड उभा राहिला. समोरच्या कंपनीच्या वकिलाने त्याला एकामागून एक प्रश्न घातले आणि प्रत्येक प्रश्नापाठी म्हणाला, "हो किंवा नाही, मिस्टर रोमिक." चाळीस वर्षं डॅड त्या पाटावर दारं धरत आला होता. 'हो किंवा नाही'मध्ये बसेल असं एकही उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. तो बोलू लागला की लोक हसायचे. पाटाचं चौथाई पाणी गेलं. परत येताना कॅस्परच्या पेट्रोलपंपावर त्याने स्वतःच्या गाडीचा आरसा बुक्कीने फोडला, रक्ताळलेल्या मुठीला रुमाल गुंडाळला आणि म्हणाला, "आपल्यातलं कुणीतरी त्या खुर्चीत पाहिजे, ट्रेस. तुला वाचायचा नाद आहे. तू बस."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, लग्न मोडून घरी आलेली. मी हसले नाही. त्याच्या मुठीकडे पाहून कुणी हसत नसे. माझा भाऊ क्ले सतरा वर्षांचा असताना जनावरांना डाग द्यायच्या दिवशी त्याच्या हातून कालवड सुटली, तेव्हा डॅडने त्याच्या जबड्यावर लोखंडी दांडा हाणला होता. क्लेचे खालचे दात अजून वरच्या दातांना भेटत नाहीत. मटण तो एकाच बाजूने चावतो.

पहिल्या खेपेला मला बुडवलं ते क्रम लावायच्या कोड्यांनी. एक दिवस पाटाच्या काठावर बसून मी तसलंच एक कोडं सोडवत होते. सात दंतवैद्य, सात दिवस. ओल्गाचा गुरुवार ठरलेला. पर्सी नॅनच्या आधी यायला हवा. रॉस आणि ओल्गा लागोपाठ नकोत. डॅडने ओल्या हाताने पुस्तक घेतलं, ओठ हलवत वाचलं.

"हा तर पाण्याच्या पाळीचा तक्ता आहे."

"दंतवैद्य आहेत, डॅड."

"असू देत की. त्यांनाही पाणी लागतच असेल." त्याने सात ढेकळं उचलली. "तू पर्सीपासून सुरुवात करतेस. पर्सी कुठेही जाईल. जो हलू शकत नाही, त्याला आधी ठेव." एक ढेकूळ त्याने टाचेने चिखलात दाबलं. "ही ओल्गा. आता बाकीचे बघ, तिच्याभोवती आपले आपण सरकतात."

ते कोडं नऊ मिनिटांत सुटलं. त्याआधी मला वीस लागायची.

त्या दिवसापासून पाण्याची पाळी हीच माझी शिकवणी झाली. परीक्षेच्या खोलीत काट्यांचं मनगटी घड्याळच चालतं, म्हणून डॅडने आपलं मला दिलं. पोलादी, काचेच्या कडेत चिखल अडकलेलं. पस्तीस मिनिटांचा एक भाग. तो नळ्या लावत पुढे जायचा आणि तिकडून ओरडायचा, "सुरू!" वेळ संपली की, "पेन्सिल खाली!" त्याला त्यात मजा वाटायची. शेजारच्या शेतातली माणसं मान वर करून बघायची.

आणखी एक गोष्ट होती. परीक्षेच्या सुरुवातीला एक प्रतिज्ञा हाताने उतरवून द्यावी लागते, तीही जोडून लिहिलेल्या अक्षरात. मी अमुकच आहे, मी लबाडी करणार नाही, खाली सही. चौथीनंतर मी अक्षरं जोडली नव्हती. जूनमध्ये तिथेच घामाघूम झाले होते. डॅड म्हणाला, "रोज एक पान." मी खाद्याच्या पोत्यांच्या कागदावर लिहीत असे. तो वाचत काही नसे, नुसती ओळ सरळ आहे का ते बघायचा.

आमच्या पाटाला एक रीत आहे. पाळी लागली की आपलं फावडं पाणी शेतात वळवणाऱ्या दारापाशी काठात उभं रोवायचं. फावडं उभं आहे तोवर त्या दाराला कुणी हात लावत नाही, मग मालक कितीही लांब असो. काम आधी उरकलं तर माणूस फावडं उपटून घरी जातो आणि पुढच्याने विचारायला न जाता पाणी फिरवायचं. कागदावर तास लिहिलेले असतात, पण पाट चालतो फावड्यावर. डॅडच्या बापाच्या वेळेपासून असंच.

चोवीस जुलैला आमची पाळी आदल्या संध्याकाळपासून होती, छत्तीस तासांची. सकाळी दहाला डॅड शेताच्या खालच्या टोकाला गेला, अर्धा मैल तरी लांब. जाताना म्हणाला, "दारापाशी बस. गवत अडकलं तर काढ. फावड्याला हात लावू नको."

"नाही लावत."

"सुरू!" तो ओरडला आणि गेला.

सोळा मिनिटं झाली असतील. दाराच्या फळीखालच्या सावलीतून खुळखुळा वाजला. खुळखुळ्या शेपटीचा साप माझ्या बुटापासून दीड हातावर, वेटोळं घालून बसलेला, मनगटाएवढा जाड. मी मागे सरकले, फावडं उपटलं आणि घातलं. पहिला घाव फळीवर बसला. दुसऱ्याने त्याचं मधलं अंग चिरलं आणि तो उलटा वळून पात्याला डसला. विषाचा पिवळा ओघळ पोलादावरून खाली आला. मग मी किती घाव घातले ते मोजले नाहीत. मुंडकं तुटलं तरी जबडा उघडत होता, मिटत होता. तुटलेलं मुंडकंही चावतं, म्हणून टाचेने खड्डा करून ते पुरलं. धड फळीवर वळवळतच होतं. फावडं पाटात खंगाळलं आणि गवतात टाकलं.

घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. त्या धडाशेजारी बसवेना, म्हणून पुस्तक घेऊन मी चाळीस पावलांवरच्या वाळुंजांच्या झाडीत गेले आणि दाराकडे पाठ करून बसले. कोडं सुटत होतं. ते सोडून उठणं माझ्या जिवावर आलं.

फावडं परत रोवायचं राहिलं.

आमच्यानंतरची पाळी लायल तोल्मनची. पन्नाशीचा, हडकुळा, हळू बोलणारा माणूस. धर्मात बसत नाही म्हणून कॉफीसुद्धा प्यायचा नाही. त्याच्या बिटाची पानं दोन दिवसांपासून जमिनीला टेकली होती आणि तो दर तासाला रस्त्यावरून दाराकडे बघून जायचा. त्या खेपेला त्याला काठावर फावडं दिसलं नाही. पाटावरच्या कुठल्याही माणसाने केलं असतं तेच त्याने केलं. आमचं दार पाडलं, आपलं उघडलं आणि स्वतःचं फावडं रोवलं.

खालच्या टोकाला डॅडच्या साठ नळ्या एकामागून एक कोरड्या पडल्या असणार. मी त्याची हाक ऐकली तेव्हा तो दाराशी पोचला होता.

"लायल! कुणाच्या पाण्याला हात घातलास?"

"एमेट, तुझं फावडं नव्हतं."

"माझं फावडं नव्हतं?"

"नव्हतं. मला वाटलं, तू उरकलंस."

"छत्तीस तासांची पाळी आणि मी सोळात उरकलं? चाळीस वर्षांत माझं फावडं कधी नव्हतं? भुरट्या!"

"देवाशपथ सांगतो—"

डॅडने लायलचं फावडं उपटून पाटात फेकलं. लायल ते धरायला वाकला आणि डॅडने त्याला खालून गुद्दा मारला. नाक मोडल्याचा आवाज मला वाळुंजांतून ऐकू आला. मी धावले. तोवर डॅडने त्याला मानेला धरून दारापुढच्या डबक्यात दाबलं होतं. लायलचे पाय काठावर आपटत होते, एक बूट निघून आला होता. पाणी लाल झालं होतं.

"डॅड, सोड त्याला!" मी ओरडले. एवढंच ओरडले. फावड्याबद्दल काही ओरडले नाही.

लायलचा एक हात काठावरच्या गवतात चाचपडत होता. गवतात मी टाकलेलं फावडं होतं. दांडा हाताला लागताच त्याने पाण्यातूनच, न बघता, ते फिरवलं. पात्याची कड डॅडच्या डाव्या कानावर बसली.

डॅड खाली बसला, बूट काढायला बसावं तसा. त्याने कानाला हात लावला, हाताकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "दार पाड, ट्रेस. पाणी वाया चाललंय." मग एका अंगावर कलंडला.

लायल खोकत, रक्त ओकत बाहेर आला. स्वतःचा शर्ट काढून त्याने डॅडच्या डोक्याला आवळला. "गाडी आण," तो म्हणाला. मोडलेल्या नाकाने त्याला धड बोलता येत नव्हतं. गाडीपर्यंत डॅडला त्यानेच उचलून नेलं.

बिलिंग्जच्या हॉस्पिटलात डॅड अकरा दिवस होता. डोक्याची अर्धी बाजू भादरलेली, कवटीतून नळी काढलेली. तिसऱ्या दिवशी शेरीफचा माणूस आला. कॉरिडॉरमध्ये मी, मॉम आणि क्ले उभे होतो. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"लायल म्हणतो, फावडं उभं नव्हतं."

मॉम म्हणाली, "एमेटशी लग्नाला सदतीस वर्षं झाली. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो आधी फावडं रोवून चर्चमध्ये आला."

"मला माहीत आहे, आर्डिस. पण तिथे ट्रेसा होती." तो माझ्याकडे वळला. "उभं होतं का? हो की नाही, एवढंच सांग."

काचेपलीकडे यंत्र डॅडची छाती वर उचलत होतं, खाली सोडत होतं. क्लेच्या गालातली शीर उडत होती.

"हो," मी म्हणाले.

त्याने लिहून घेतलं. त्या एका शब्दाने लायल पाणीचोर झाला आणि त्याच्या हातातलं फावडं खुनाचं हत्यार. चार ऑगस्टला डॅड गेला. लायलवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला आणि जामीन न भरता आल्याने तो काउंटीच्या तुरुंगात राहिला.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मॉमने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं आणि माझं पुस्तक त्यावर आणून ठेवलं.

"मॉम, मला नाही जमणार."

"त्याने तुझ्यासाठी चिखलात ढेकळं मांडली," ती म्हणाली. "आख्ख्या संसारात माझ्यासाठी त्याने कधी ताट मांडलं नाही. तू परीक्षेला बसायचंस."

ती ओट्याशी उभी राहून पावात कोबी आणि खिमा भरायची. घड्याळ तिच्यासमोर असायचं. "सुरू," ती म्हणायची, दूध नासलंय असं सांगावं तशा आवाजात. मी कोडं वाचायचे. जो हलू शकत नाही, त्याला आधी ठेव. मी पेन्सिल उचलायचे, आणि कोडं कुठलंही असो, पहिल्या चौकटीत मला आडवं पडलेलं फावडं दिसायचं. त्याभोवती बाकीचं सगळं आपलं आपण सरकायचं. लायलचा हात, डॅडचा कान, माझं हो. तरी उत्तरं बरोबर यायला लागली होती. तेवीसपैकी एकोणीस. मग एकवीस. ते मला सगळ्यात जास्त बोचायचं.

ऑगस्टच्या मध्यावर क्ले मला गाडीतून लायब्ररीत सोडायला निघाला. दाराशी तोल्मनांचं फावडं उभं होतं. त्यांची पाळी होती आणि लायलची बायको नेडा एकटीच पाणी देत होती. क्लेने गाडी थांबवली.

"चल ना, क्ले. उशीर होतोय."

"एक मिनिट."

त्याने ते फावडं उपटलं, रस्त्यावर टाकलं आणि गाडी त्यावरून पुढे नेली, मागे घेतली, परत पुढे नेली. दांडा मोडल्याचा झटका मला सीटमधून जाणवला. मग उतरून त्याने त्यांचं दार लाथेने पाडलं. नेडा चिखलातून पळत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"माझी पाळी आहे! तक्त्यावर बघ!"

"तुझं फावडं कुठेय?" क्ले म्हणाला. "मला तर नाही दिसत. मला वाटलं, तू उरकलंस."

ती दाराच्या चाकाला झोंबली. क्लेने तिला मागून कॉलरला धरलं, वळवलं आणि थोबाडीत देऊन पाटात ढकललं. ती छातीवर पडली. उठली तेव्हा ओठ फुटला होता. रस्त्याने आणखी एक गाडी आली, वेग कमी झाला, चालवणाऱ्याने क्लेला बघून दोन बोटं वर केली आणि गाडी निघून गेली. अकरा घरांपैकीच एक होतं ते.

नेडा पाण्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "तू होतीस ना तिथे?" ती म्हणाली. ती ओरडली नाही. "लायल म्हणतो, त्याने बघितलं तेव्हा काठावर काही नव्हतं. बावीस वर्षांत तो माझ्याशी खोटं बोललेला नाही. तू होतीस ना, ट्रेसा?"

मी काच वर केली.

क्ले गाडीत आला, चावी फिरवली आणि स्टीअरिंगवर कपाळ आपटू लागला. तीनदा, चारदा. "मी तिथे असायला हवा होतो," तो म्हणत होता. त्याचा वाकडा जबडा हलत होता आणि लाळ शर्टावर पडत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा सांगता आलं असतं. मला आठ सप्टेंबर, परीक्षेचा दिवस, दिसत होता. परीक्षेनंतर बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

परीक्षा बिलिंग्जला एका शाळेत होती. मॉमने पारदर्शक पिशवी भरून दिली. टोक केलेल्या सहा लाकडी पेन्सिली, खोडरबर, ओळखपत्र, खिमापाव आणि डॅडचं घड्याळ. शाळेत चाळीसेक पोरं होती, बहुतेक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पुढच्या बाकावरच्या मुलीने माझ्या हातांकडे पाहून विचारलं, "तुम्ही देखरेखीला आहात का?"

"नाही. परत बसतेय."

"अरे बापरे," ती म्हणाली आणि मग कानापर्यंत लाल झाली.

आधी प्रतिज्ञा. मी अक्षरं जोडत लिहू लागले आणि ओळ सरळ उतरली. मी, ट्रेसा लुईझ रोमिक. लबाडी करणार नाही, त्या वाक्यापाशी हात थांबला नाही. पोत्याच्या कागदांवर चांगला चालायला शिकला होता तो. मी सही केली. देखरेख करणाऱ्या बाईंना सांगून बाहेर गेले, संडासात ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

तिसऱ्या भागात कोडी होती. सहा पेट्या, सहा कप्पे. कुठली कुणाच्या वर, कुठली कुणाच्या खाली. मी हलू न शकणारी पेटी शोधली आणि चिखलात दाबावी तशी दाबली. बाकीच्या सरकल्या. चारही कोडी झाली तेव्हा घड्याळात तीन मिनिटं उरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच उरली होती. त्या तीन मिनिटांत मी काचेच्या कडेतला चिखल नखाने काढत बसले. तो निघाला नाही.

शेवटी निबंध. त्याला गुण नसतात, पण तो प्रत्येक कॉलेजकडे जातो. दोन पर्याय देतात, एक निवडून बाजू मांडायची. एका गावाला पूल बांधायचा की शाळा दुरुस्त करायची असलं काहीतरी होतं. मी पूल घेतला. छान बाजू मांडली. शाळा घेतली असती तरी छान मांडली असती. डॅड चेयेनच्या त्या वकिलाला काय म्हणाला होता ते मला आठवलं. सगळे हसत असताना तो म्हणाला होता, "साहेब, मी बाजू मांडत नाहीये. पाणी कसं गेलं ते सांगतोय."

पेन्सिल खाली.

घरी जायला दोन तास लागतात. मी घरी गेले नाही. ऊन कलायच्या आधी पाटाच्या दाराशी पोचले. काठावर नवीन पांढऱ्या दांड्याचं फावडं उभं होतं आणि शेजारी नेडा, मांडीवर शिकारीची बंदूक आडवी ठेवून. आता ती पाळीला बंदूक घेऊन बसायची. मला बघून उभी राहिली.

"तिथेच थांब."

मी थांबले. परीक्षेची पिशवी हातातच होती.

"लायल खरं बोलतोय," मी म्हणाले. "फावडं उभं नव्हतं. साप निघाला होता. मी उपटलं आणि परत रोवलं नाही. अभ्यास करत होते. ते गवतात पडलं होतं. त्याने मारलं ते तेच, मी टाकलेलं. डॅड त्याला बुडवत होता, नेडा. तो मेला असता."

तिने बंदूक काळजीपूर्वक फळीवर ठेवली. चालत आली आणि माझ्या तोंडात मारली. उघड्या हाताने, पण शेतात राबणाऱ्या बाईचा हात होता तो. मी गुडघ्यावर आले. तिने केस धरून मला उभं केलं आणि परत मारलं. दातांत गाल सापडला, रक्त आलं. तिसऱ्यांदा हात उचलला, तो तसाच राहिला.

"शेहेचाळीस दिवस," ती म्हणाली. "तुरुंगात त्याचं नाक वाकडंच जुळलंय. त्याला श्वास घेता येत नाही. आणि तू अभ्यास करत होतीस."

"हो."

तिने ओल्या हाताने स्वतःचं तोंड पुसलं. पाण्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "सरकारी वकिलाचं ऑफिस सोमवारी आठला उघडतं," ती म्हणाली. "मी साडेसातला तुमच्या फाटकाशी येते. माझ्या गाडीत बसायचंस."

रविवारी मी घरी सांगितलं. मॉमने हातातली परात खाली ठेवली आणि खोलीत गेली. तिने आतून कडी घातली. क्लेने माझी पुस्तकं एकेक करून अंगणात फेकली आणि त्यावरूनही गाडी नेली. मला त्याने हात लावला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "म्हणजे मी त्या बाईला उगाच मारलं." एवढं बोलून गेला.

सोमवारी काउंटीच्या सरकारी वकिलाने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. म्हातारा माणूस, डॅडबरोबर शाळेत होता. नेडा भिंतीशी बसली होती. तिच्या बुटांना पाटाचा वास येत होता.

"तू शनिवारी परत ती परीक्षा दिलीस ना?" त्याने विचारलं. "कशी गेली?"

"चांगली."

"लॉ कॉलेजच्या अर्जात एक प्रश्न असतो. पोलिसांना खोटी माहिती दिलीत का, गुन्हा दाखल झाला का. हे तू लिहून दिलंस की मला तुझ्यावर तो दाखल करावा लागेल. मग तिथे तुला हो लिहावं लागेल, ट्रेसा. गुण कितीही पडोत." त्याने चष्मा काढला. "लायलला आणखी कुठल्या वाटेने सोडवता येतंय का ते मी बघू शकतो. वेळ लागेल, पण बघू शकतो. तू घरी जा आणि विचार कर."

भिंतीशी नेडाने श्वास रोखला. ते मला ऐकू आलं.

"कागद द्या," मी म्हणाले.

त्याने पिवळा कागद सरकवला. "सुटी अक्षरं चालतील. आम्हाला वाचता आलं की झालं."

मी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, ओळ सरळ धरली आणि अक्षरं जोडत लिहायला लागले. आधी ते लिहिलं, जे कुठेच हलवता येत नव्हतं. फावडं उभं नव्हतं.